परक्यांना जागा : आशुतोष मुखर्जी आणि कलकत्ता विद्यापीठ

कोलकात्यात आज आचार्य प्रफुल्लचंद्र मार्ग म्हणून ओळखला जाणारा रस्ता पूर्वी अप्पर सर्क्युलर रोड या नावाने प्रसिद्ध होता. या रस्त्याची आखणी मराठ्यांमुळे झाली, असे म्हटले तर ऐकणाऱ्याला तो विनोद वाटेल. पण त्यात बरेच तथ्य आहे. १७४२ मध्ये नागपूरकर रघूजी भोसल्यांचे सेनानी भास्करराम कोल्हटकर बंगालमध्ये उतरले, तेव्हा धास्तावलेल्या कोलकातेकरांनी शहराभोवती खंदक खणावयास घेतला. सुमारे तीन मैल खोदकाम झाल्यावर ते थांबले, कारण मराठे कोलकात्यापर्यंत आलेच नाहीत. पुढे १७९९ च्या सुमारास त्या खंदकाचा मोठा भाग बुजवण्यात आला आणि त्याच्या रेषेवर हा रस्ता तयार झाला. खंदकाचे ‘मराठा डिच’ हे नाव मात्र शहराच्या आठवणीत टिकून राहिले. याच रस्त्यावर ९२ क्रमांकाच्या जागेत कलकत्ता विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयाची इमारत उभी आहे. तिची कोनशिला २७ मार्च १९१४ रोजी बसवण्यात आली.

बंगालमध्ये मराठ्यांची स्मृती कशी होती हे सांगावयास नको. ‘बारगीर’ या शब्दाचा तिकडे ‘बर्गी’ झाला आणि मुलांना निजवताना बर्ग्यांची भीती घालण्याची रीत घरोघर पडली. अशा प्रांताच्या विद्यापीठात या शतकाच्या नव्हे, गेल्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात मराठ्यांचा इतिहास अभ्यासविषय झाला, सभासदाची बखर इंग्रजीत उतरली, मराठी भाषा एम. ए.च्या अभ्यासक्रमात आली, आणि प्राचीन इतिहासाच्या मुख्य अध्यासनावर एक मराठी विद्वान जवळजवळ दोन दशके बसला. हे आपोआप घडले नाही. त्यामागे एका माणसाची इच्छा आणि त्या इच्छेला कारभाराच्या भाषेत उतरवण्याचे त्याचे कौशल्य होते. तो माणूस म्हणजे सर आशुतोष मुखर्जी.

आशुतोष (१८६४–१९२४) १९०६ ते १९१४ आणि पुन्हा १९२१ ते १९२३ या काळात कलकत्ता विद्यापीठाचे कुलगुरू होते. या पदाला बंगालीत ‘उपाचार्य’ म्हणतात, आणि आपल्या ‘कुलगुरू’ या शब्दात जी घरगुती छटा आहे ती त्यात नाही. आशुतोषांना मराठी शब्दच अधिक शोभला असता. ते मूळचे गणिती. विद्यार्थी असताना त्यांना मिळालेली प्रेमचंद रायचंद शिष्यवृत्ती हा कलकत्ता विद्यापीठातील सर्वोच्च मान समजला जाई, आणि तिचा निधी मुंबईच्या एका गुजराती व्यापाऱ्याने दिलेला होता. मुंबईत राजाबाई मनोरा बांधण्यासाठी पैसा देणारे प्रेमचंद ते हेच. परप्रांतीयाच्या पैशावर विद्या वाढते, हा अनुभव आशुतोषांना असा विद्यार्थिदशेतच आला होता. पुढे ते कलकत्ता उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि १९०४ पासून १९२३ अखेरपर्यंत न्यायासन सांभाळून त्यांनी विद्यापीठ चालवले. कुलगुरुपद त्या वेळी बिनपगारी होते.

त्यांच्या कारकिर्दीविषयी बंगालीत विपुल लेखन झाले आहे. त्यातील बराच भाग स्तुतिपर आहे, काही निंदापर आहे. मराठी वाचकाला त्यांचे नाव माहीत असले तर ते श्यामाप्रसाद मुखर्जींचे वडील म्हणून. परंतु आपल्या वाङ्मयेतिहासाशी त्यांचा संबंध याहून जवळचा आहे, आणि तो धर्मानंद कोसंबींपासून सुरू होतो.

१८७६ मध्ये गोव्यातील साखवाळ येथे जन्मलेले धर्मानंद बुद्धाचा धर्म मुळातून जाणून घेण्यासाठी १८९९ मध्ये घराबाहेर पडले. पुणे, काशी, नेपाळ, सिंहल, ब्रह्मदेश असा प्रवास करून १९०६ मध्ये ते कोलकात्यास पोचले. ‘निवेदन’ या आत्मवृत्तात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे, आणि मराठी आत्मचरित्रांत त्या पुस्तकाचे स्थान फार वरचे आहे. कोलकात्यात आले तेव्हा धर्मानंदांजवळ पाली भाषेचे असे ज्ञान होते की त्या काळच्या हिंदुस्थानात त्याची बरोबरी करणारे फार थोडे असतील. आणि पदवी एकही नव्हती. इंग्रजी शाळेचा रीतसर अभ्यासक्रमही त्यांनी पुरा केलेला नव्हता. अशा माणसाला आधी तेथील राष्ट्रीय महाविद्यालयात आणि मग कलकत्ता विद्यापीठात पाली शिकवण्याचे काम मिळाले. आशुतोष तेव्हा नुकतेच कुलगुरू झाले होते. नियमांवर बोट ठेवून धर्मानंदांना परत पाठवणे हे त्यांच्या दृष्टीने सर्वांत सोपे ठरले असते, आणि त्याबद्दल कोणी त्यांना दोषही दिला नसता.

धर्मानंद तेथे राहिले नाहीत, हेही सांगावयास हवे. महाराष्ट्रात बौद्ध विद्येचा प्रसार करावा ही त्यांची ओढ होती. बडोद्याच्या सयाजीराव गायकवाडांनी महाराष्ट्रातील कोणत्याही गावी राहून लेखन करण्यासाठी दरमहा ५० रुपये देऊ केले, तेव्हा १९०८ मध्ये त्यांनी कोलकात्याची नोकरी सोडली. आशुतोष आणि सयाजीराव यांच्या रीतींत येथे एक फरक दिसतो. सयाजीराव माणूस पाहून वृत्ती देत. माणूस जाईल तेथे ती वृत्ती जाई. आशुतोष माणूस पाहून पद निर्माण करीत, आणि माणूस गेला तरी पद मागे उरे. धर्मानंद गेले, पण कलकत्ता विद्यापीठातील पालीचे अध्ययन थांबले नाही. चितगावच्या बौद्ध कुटुंबातील बेणीमाधव बरुआ १९१३ मध्ये तेथून पाली घेऊन एम. ए. झाले, लंडनची डी. लिट. घेऊन परतले आणि त्याच विद्यापीठात अध्यापक झाले. जन्माने बौद्ध असलेल्या विद्वानाने बौद्ध विद्या शिकवावी, ही त्या काळी साधी गोष्ट नव्हती.

यानंतरच्या दहा-बारा वर्षांत आशुतोषांनी जी माणसे जमवली त्यांची नावे एकत्र वाचली की आजही आश्चर्य वाटते. सी. व्ही. रामन हे सरकारी अर्थखात्यातील अधिकारी. फावल्या वेळात बहुबाजार स्ट्रीटवरील संस्थेत प्रयोग करीत. त्यांनी मोठा पगार सोडला आणि १९१७ मध्ये ते पालित अध्यासनावर आले. या अध्यासनासाठी परदेशी शिक्षणाची अपेक्षा होती. ते रामन यांच्याजवळ नव्हते आणि केवळ त्यासाठी परदेशी जाण्याची त्यांची तयारीही नव्हती. अट बाजूला ठेवण्यात आली. तत्त्वज्ञानाच्या पंचम जॉर्ज अध्यासनावर १९२१ मध्ये म्हैसूरहून सर्वपल्ली राधाकृष्णन आले. मानववंशशास्त्राचा विभाग सुरू झाला तेव्हा कोचीनचे एल. के. अनंतकृष्ण अय्यर आले. तिबेटी भाषेसाठी १९१९ मध्ये सिक्कीमचे काझी दावा समदुप आले आणि १९२२ मध्ये कोलकात्यातच निवर्तले. महायान बौद्ध धर्म शिकवण्यास किमुरा हे जपानी विद्वान होते. बंगालीचे इतिहासकार दिनेशचंद्र सेन यांच्यापाशी एम. ए.ची पदवी नव्हती आणि प्रकृतीही धड नव्हती. चित्रकार अवनींद्रनाथ ठाकूर यांच्यापाशी विद्यापीठाची कोणतीच पदवी नव्हती. दिनेशचंद्र बंगालीच्या अभ्यासाचे सूत्रधार झाले आणि अवनींद्रनाथ ललितकलांच्या बागेश्वरी अध्यासनाचे पहिले प्राध्यापक.

नावांची ही मालिका केवळ गुणग्राहकतेची नाही. यातील बहुतेक जण तत्कालीन विद्यापीठीय नियमांत कोठे ना कोठे अडत होते. कोणाला पदवी नव्हती, कोणाचा प्रांत आड येई, कोणाचा विषयच विद्यापीठाच्या यादीत नव्हता. आशुतोष न्यायाधीश होते आणि नियमांचा अर्थ लावणे हा त्यांचा रोजचा व्यवसाय होता. नियम मोडण्यापेक्षा नवा नियम लिहिण्याकडे त्यांचा कल असे. १९१७ मध्ये पदव्युत्तर अध्यापन महाविद्यालयांकडून विद्यापीठाकडे आणणारी जी नियमावली झाली, ती या वृत्तीचे सर्वांत मोठे उदाहरण होय. तिच्यामुळे विद्यापीठ केवळ परीक्षा घेणारे कार्यालय राहिले नाही. ते शिकवू लागले, आणि शिकवावयाचे म्हणजे शिकवणारी माणसे नेमणे आले.

त्याच वर्षी देवदत्त रामकृष्ण भांडारकर (१८७५–१९५०) कोलकात्यास आले. प्राचीन भारतीय इतिहास व संस्कृती या विषयाचे कारमायकेल अध्यासन जर्मन पंडित थिबो यांच्या मृत्यूनंतर रिकामे होते. भांडारकर तोवर पुरातत्त्व खात्याच्या पश्चिम विभागात होते. विदिशेजवळ बेसनगर येथे हेलिओडोरसच्या स्तंभाच्या परिसरात त्यांनी उत्खनन केले होते. वासुदेवाची भक्ती करणाऱ्या त्या यवन वकिलाच्या स्तंभाने त्यांच्या विचाराला बहुधा बळच दिले असावे, कारण त्याआधी, १९११ मध्ये, त्यांनी ‘इंडियन अँटिक्वेरी’त हिंदू समाजातील परकीय घटकांवर एक दीर्घ लेख लिहिला होता. शक, गुर्जर, हूण हे बाहेरून आलेले लोक येथील जातींत, अगदी उच्च म्हणवणाऱ्या जातींतही, मिसळून गेले आहेत, असा त्यांचा पक्ष होता. त्यातील अनेक तपशील आज टिकणारे नाहीत. परंतु ज्या काळात शुद्ध वंशाचा अभिमान हेच देशप्रेमाचे लक्षण समजले जात होते, त्या काळात असा लेख लिहिणाऱ्याला कारमायकेल अध्यासनावर बसवण्यात काही अर्थ होता. १९३६ पर्यंत ते त्या जागी होते. अशोकावरील त्यांचे पुस्तक (१९२५) याच अध्यासनावरून दिलेल्या व्याख्यानांचे आहे.

भांडारकर आणि मुखर्जी या दोन घराण्यांत आणखी एक साम्य होते. डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांनी १८९१ मध्ये आपल्या विधवा मुलीचा पुनर्विवाह केला आणि त्यापायी पुण्यातील सनातन्यांचा रोष पत्करला. आशुतोषांची कन्या कमला बालवयात विधवा झाली. १९०८ मध्ये त्यांनी तिचा पुनर्विवाह केला, आणि बंगालमध्ये त्यावरून काहूर उठले. दुर्दैवाने तिचे दुसरे वैधव्यही लवकरच आले. १९२३ मध्ये ती वारली तेव्हा आशुतोषांनी तिच्या नावे विद्यापीठात एक व्याख्यानमाला सुरू केली. घरातले दुःख त्यांनी असे विद्यापीठाच्या हवाली केले. घर आणि विद्यापीठ यांतील भिंत त्यांच्याकडे पातळच होती. त्याचे बरे परिणाम झाले, तसे वाईटही झाले. त्याविषयी पुढे.

मराठी भाषेच्या दृष्टीने महत्त्वाचे वर्ष १९१९. देशी भाषांत एम. ए. करण्याची सोय या वर्षी कलकत्ता विद्यापीठात झाली. यामागे अट्ठावीस वर्षांची चिकाटी होती. १८९१ मध्ये सिनेटचे तरुण सभासद असताना आशुतोषांनी देशी भाषांना परीक्षांत स्थान द्यावे असा प्रस्ताव मांडला होता आणि तो फेटाळला गेला होता. त्याच दशकात मुंबई विद्यापीठात न्यायमूर्ती रानडे मराठीसह देशी भाषांसाठी तीच लढाई लढत होते. दोघेही न्यायाधीश, दोघेही विद्यापीठाच्या सभागृहात अल्पमतात, आणि दोघांचाही भरवसा भाषणापेक्षा ठरावाच्या मसुद्यावर अधिक. फरक असा, की रानडे १९०१ मध्ये निवर्तले आणि आशुतोषांना पुढे कुलगुरुपद मिळाले.

आशुतोषांच्या योजनेत एक गोष्ट विशेष होती. बंगालीचा विद्यार्थी केवळ बंगाली शिकून एम. ए. होऊ शकत नसे. त्याला आणखी एक भारतीय भाषा घ्यावी लागे. हिंदी, मराठी, गुजराती, ओडिया, असमिया, मैथिली, तमिळ, तेलुगू अशा भाषा योजनेत होत्या. मैथिलीला विद्यापीठीय मान्यता प्रथम मिळाली ती येथेच. प्रत्येक भाषेला पुरेसे विद्यार्थी मिळाले असे नाही, आणि मिळणार नाहीत हे आशुतोषांनाही कळत असणार. विद्यार्थी आल्यावर विषय सुरू करू, असे एखादा काटकसरी प्रशासक म्हणाला असता. आशुतोषांनी आधी खुर्ची मांडली. आज महाराष्ट्रातील किती विद्यापीठांत मराठीच्या विद्यार्थ्याला दुसरी एक भारतीय भाषा शिकावी लागते, हा प्रश्न जाता जाता विचारण्यासारखा आहे.

मराठ्यांच्या इतिहासाचे काम बारिसालच्या सुरेंद्रनाथ सेन यांनी अंगावर घेतले. हा बंगाली तरुण मराठी शिकला, मोडीच्या कागदांपर्यंत पोचलेल्या आमच्या इतिहाससंशोधकांचे लेखन त्याने वाचले, आणि १९२० मध्ये विद्यापीठाने त्याचा ‘शिव छत्रपती’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. कृष्णाजी अनंत सभासदाच्या बखरीचे हे इंग्रजी भाषांतर, इतर बखरींतील उताऱ्यांसह आणि टिपांसह आहे. त्यानंतर १९२३ मध्ये मराठ्यांच्या राज्यकारभारावरील आणि १९२८ मध्ये त्यांच्या लष्करी व्यवस्थेवरील ग्रंथ आला. मराठ्यांनी बंगालमध्ये केलेली लूट सेनांनी झाकली नाही. परंतु बर्गी हेच मराठ्यांचे संपूर्ण रूप मानण्याचे कारण बंगाली वाचकापुढे उरले नाही. ज्या शहराने खंदक खणला त्याच शहरातून हे ग्रंथ निघाले.

येथवरच्या वर्णनावरून आशुतोषांच्या नेतृत्वाविषयी एक गोड चित्र तयार होण्याचा धोका आहे. ते तपासून पाहण्यासाठी १९१० मधील एका प्रकरणाकडे वळले पाहिजे.

मुहम्मद शहीदुल्ला (१८८५–१९६९) हे चोवीस परगण्यातील तरुण त्या वर्षी संस्कृत हा मुख्य विषय घेऊन सन्मानासह बी. ए. झाले आणि संस्कृतच्या एम. ए.साठी त्यांनी नाव घातले. या अभ्यासक्रमात वेद होता, आणि तो शिकवणारे पंडित सत्यव्रत सामश्रमी हे त्या काळचे अग्रगण्य वेदज्ञ होते. अहिंदूला आपण वेद शिकवणार नाही, असे त्यांनी सांगितले. वर्तमानपत्रांतून गवगवा झाला. निर्णय कुलगुरूंच्या हाती होता.

या प्रसंगाला कोलकात्यात जुना इतिहास होता. ईश्वरचंद्र विद्यासागर संस्कृत महाविद्यालयाचे प्राचार्य झाले तेव्हा तेथे ब्राह्मण आणि वैद्य यांनाच प्रवेश होता. १८५१ मध्ये त्यांनी कायस्थांना आणि १८५४ मध्ये सर्व ‘प्रतिष्ठित’ हिंदूंना दार उघडले. पण पुढच्याच वर्षी सुवर्णवणिक जातीच्या एका विद्यार्थ्याचा प्रश्न आला, तेव्हा खुद्द विद्यासागरही थबकले आणि त्यांनी प्रवेशाची शिफारस केली नाही. दार एकेक जातीसाठी किलकिले करावयाचे, ही त्या शहराची रीत होती. इकडे मुंबईत याच सुमारास एल्फिन्स्टन हायस्कुलात भीमराव आंबेडकर या विद्यार्थ्याला संस्कृत शिकण्याची इच्छा असून ते नाकारले गेले, आणि १९०७ मध्ये ते मॅट्रिक झाले ते फारसी घेऊन. तेथे दुसरे दार म्हणून फारसीचा वर्ग आधीपासून होता, म्हणून वाट निघाली. त्यांच्यासाठी संस्कृतच्या वर्गाचे दार उघडावे असे शाळेत कोणाला वाटले नाही.

आशुतोषांनी काय केले? त्यांनी सामश्रमींना शिकवण्याची सक्ती केली नाही आणि शहीदुल्लांना परतही पाठवले नाही. तौलनिक भाषाशास्त्र हा विषय तोवर विद्यापीठात जवळजवळ नावापुरता होता. शहीदुल्लांनी तो घ्यावा अशी व्यवस्था त्यांनी केली, आणि १९१२ मध्ये शहीदुल्ला त्या विषयाचे पहिले एम. ए. झाले. हा विभाग त्यांच्यासाठीच उघडला असे अनेकांनी लिहिले आहे; उघडला की झोपलेला जागा केला, हा तपशिलाचा वाद आहे. शहीदुल्ला पुढे बशीरहाटला वकिली करू लागले, तेव्हाही आशुतोषांनी त्यांना विद्येकडे परत बोलावले, आणि १९१९ पासून ते दिनेशचंद्र सेन यांच्या हाताखाली संशोधन-साहाय्यक झाले.

या निर्णयाची प्रशंसा करणे सोपे आहे. त्यातली अडचणही मान्य केली पाहिजे. विद्यापीठाच्या पगारावर असलेला अध्यापक धर्माच्या कारणाने विद्यार्थ्याला नाकारतो आणि विद्यापीठाचा प्रमुख ते चालवून घेतो, असा या प्रकरणाचा कोरडा वृत्तान्त आहे. संस्कृतचा वर्ग शहीदुल्लांना बंद तो बंदच राहिला. विधवा मुलीच्या विवाहासाठी साऱ्या समाजाशी झुंजणारा माणूस एका वृद्ध पंडिताशी झुंजला नाही. त्याचे कारण भीती असेल असे वाटत नाही. भीती हा आशुतोषांचा दोष नव्हता. सामश्रमींसारखा वेदज्ञ गमावणे त्यांना परवडणारे नव्हते, आणि शहीदुल्लांसारखा विद्यार्थी गमावणेही नव्हते. दोघांनाही विद्यापीठात ठेवावयाचे म्हणून त्यांनी वाद सोडवण्याऐवजी इमारत वाढवली. त्यांच्या साऱ्या कारभाराची ही किल्ली आहे. प्रत्येकाला खोली दिली की भिंत पाडावी लागत नाही. शहीदुल्लांना मिळालेली खोली मोठी निघाली, हे त्यांचे आणि आपले भाग्य. पण संस्कृतच्या वर्गाबाहेर उभे राहण्याची वेळ आलेल्या दुसऱ्या एखाद्या मुसलमान किंवा शूद्र विद्यार्थ्याला, ज्याच्याविषयी वर्तमानपत्रांत काही छापून आले नाही, या व्यवस्थेचा काय उपयोग होता?

दुसरा आक्षेप त्यांच्या हयातीतच घेतला गेला, आणि तो घेणारे सामान्य नव्हते. यदुनाथ सरकार यांनी ‘मॉडर्न रिव्ह्यू’मधून पदव्युत्तर विभागावर कठोर टीका केली. शिवाजीमहाराजांचे हे चरित्रकार आणि रियासतकार सरदेसायांचे जन्माचे स्नेही मराठ्यांच्या इतिहासाविषयी कोणाहून कमी आस्था असलेले नव्हते. म्हणून त्यांच्या बोलण्याला द्वेष म्हणून झटकता येत नाही. विभाग फार झाले, माणसे फार नेमली, दर्जाकडे लक्ष राहिले नाही आणि सारा कारभार एका व्यक्तीभोवती फिरतो, असा त्यांच्या टीकेचा रोख होता. यातील शेवटचा मुद्दा नाकारणे कठीण आहे. कुलगुरुपद नव्हते त्या वर्षांतही पदव्युत्तर मंडळांचे अध्यक्ष आशुतोषच होते. ज्याला त्यांनी जागा दिली तो त्यांचा झाला; ज्याला दिली नाही त्याला दाद मागण्यास दुसरे ठिकाण नव्हते. कर्त्या पुरुषाच्या घरात असते तसे ते विद्यापीठ होते, आणि अशा घरात उबेबरोबर धाकही असतो.

या घराची कसोटी १९२२ मध्ये लागली. विद्यापीठ कर्जात बुडाले होते आणि अध्यापकांचे पगार महिनोन् महिने थकले. बंगाल सरकारने अडीच लाखांचे साहाय्य देऊ केले, पण त्याबरोबर कारभारावर नियंत्रण आणणाऱ्या अटी घातल्या. डिसेंबर १९२२ मध्ये सिनेटपुढे आशुतोषांनी या अटींविरुद्ध जे भाषण केले ते विद्यापीठीय स्वातंत्र्याच्या इतिहासात प्रसिद्ध आहे. सिनेटने अटी नाकारल्या. पुढच्या मार्चमध्ये गव्हर्नर लॉर्ड लिटन यांनी अनुकूल वागण्याच्या अपेक्षेसह पुन्हा कुलगुरुपद देऊ केले, तेव्हा आशुतोषांनी तेही झिडकारले. या बाणेदारपणाचे वर्णन नेहमी होते. ज्यांचे पगार थकले होते त्यांच्याविषयी कमी लिहिले जाते. त्यांत दूरच्या प्रांतांतून आलेली, कोलकात्यात ना शेत ना घर असलेली माणसे होती. स्वातंत्र्याची किंमत सिनेटने ठरवली आणि ती पहिल्यांदा त्यांनी मोजली. त्यातील बहुतेक जण विद्यापीठ सोडून गेले नाहीत, ही वस्तुस्थिती आशुतोषांच्या बाजूने सर्वांत मोठी साक्ष म्हणावी लागेल. अध्यापक पगाराशिवाय थांबतो तो केवळ भाषणासाठी थांबत नाही. आपण येथे कोणाला तरी हवे आहोत, ही खात्री त्याला असावी लागते.

२५ मे १९२४ रोजी पाटण्यास एका खटल्याच्या कामी गेले असता आशुतोषांचा अचानक मृत्यू झाला. यदुनाथ सरकार १९२६ मध्ये त्याच विद्यापीठाचे कुलगुरू झाले. त्यांच्यासारख्या टीकाकारालाही आशुतोषांनी उभारलेली अध्यासने मोडता आली नाहीत, किंवा मोडावीशी वाटली नाहीत. भांडारकर, राधाकृष्णन, रामन आपापल्या जागी राहिले.

शहीदुल्ला १९२१ मध्येच नव्या ढाका विद्यापीठात गेले होते. १९२८ मध्ये त्यांनी पॅरिसहून डॉक्टरेट घेतली ती काण्ह आणि सरह या बौद्ध सिद्धांच्या गीतांवर. वेदाच्या वर्गात न बसू दिलेला विद्यार्थी पूर्व भारतातील जुन्या भाषांचा अधिकारी भाष्यकार झाला. फाळणीनंतर पूर्व पाकिस्तानात बंगालीचा हक्क मांडणाऱ्या पहिल्या विद्वानांत ते होते. आज ढाका विद्यापीठातील एका वसतिगृहाला त्यांचे नाव आहे.

ज्या विषयात त्यांना जागा मिळाली त्याचीही कथा तेथे थांबली नाही. तौलनिक भाषाशास्त्राचे प्राध्यापक म्हणून १९१७ च्या सुमारास ईराच जहांगीर सोराबजी तारापोरवाला हे पारशी विद्वान आले. अवेस्ता हा त्यांचा मूळ विषय. गुजरातीतील अभिजात वाङ्मयाचे वेचे त्यांनी संपादित केले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते छापले. त्यांच्या शेजारी १९२२ पासून सुनीतिकुमार चटर्जी खैरा अध्यासनावर होते आणि बंगाली भाषेच्या उगमाविकासावरील त्यांचा ग्रंथ १९२६ मध्ये बाहेर पडला. १९३९ मध्ये पुण्याचे बंद पडलेले डेक्कन कॉलेज संशोधनसंस्था म्हणून पुन्हा उघडले, तेव्हा तिचे पहिले संचालक म्हणून नेमणूक झाली ती तारापोरवालांची. येरवड्याच्या त्या जुन्या दगडी इमारतीत भाषाशास्त्राचे वर्ग सुरू झाले आणि पुढे मराठी, कोकणी व इतर बोलींच्या शास्त्रीय अभ्यासाचे ते केंद्र बनले.